न्यूयॉर्कवाल्याचा शिकागोतला हिवाळा

लेनी शिम्कसने त्या माणसाला पहिल्यांदा पाहिलं ते घरामागच्या बोळात, कचऱ्याच्या डब्यांसमोर. ऑक्टोबरची दुपार होती. अंगात लांब काळा कोट, डोक्यावर चपटी टोपी, हात पाठीमागे बांधलेले. जुन्या देवळातले कोरीव खांब बघावेत तसा तो माणूस डब्यांची रांग बघत उभा होता.

म्हाताऱ्याचं काही हरवलं असेल, असं लेनीला वाटलं. "काही शोधताय का?"

"नाही, नाही. बघतोय नुसता. तुमच्याकडे कचऱ्याला स्वतःचा रस्ता आहे."

"मग कुठून नेणार कचरा?"

"आमच्याकडे तो पुढच्या दाराशी असतो. घरात शिरताना पहिली गाठ त्याचीच. जन्म गेला माझा, मला वाटायचं जगात सगळीकडे असंच."

"आमच्याकडे म्हणजे कुठे?"

"न्यूयॉर्क. ब्रॉंक्स."

लेनीचं काळीज सुपाएवढं झालं. न्यूयॉर्कच्या माणसाने शिकागोतली एखादी गोष्ट सरस आहे असं आपण होऊन कबूल करावं, हे त्याच्या सत्तावन्न वर्षांच्या आयुष्यात घडलं नव्हतं. त्याने म्हाताऱ्याला तिथल्या तिथे घरी नेलं, पुढच्या पायऱ्यांवर बसवलं आणि बायकोला कॉफी टाकायला सांगितली.

म्हाताऱ्याचं नाव एफ्राइन कोयासो. मूळचा पोर्तो रिकोचा, पण सहा वर्षांचा असताना न्यूयॉर्कला आला तो तिथलाच झाला. एका शाळेच्या स्वयंपाकघरात त्याने आयुष्यभर मुलांसाठी भात रांधला होता. बायको आयरिस मागच्या जानेवारीत गेली. तेव्हापासून मुलगी, निल्सा, त्याला आपल्याकडे बोलवत होती. निल्सा लेनीच्या समोरच्या घरात वरच्या मजल्यावर राहायची आणि इस्पितळात नर्स होती. शेवटी म्हातारा आला, पण अट घालून. एक हिवाळा राहून बघणार. जमलं तर कायमचा, नाही तर वसंतात परत.

आठवड्याभराने निल्साने लेनीला रस्त्यात गाठलं. "लेनी, तुमचं ते सगळं पुराण असतं ना, शिकागोचं? ते बाबांना ऐकवा."

"पुराण?"

"चांगल्या अर्थाने म्हणतेय. त्यांना माझं काही खरं वाटत नाही, मी मुलगी. तुमचं ऐकतात. मला ते इथे हवे आहेत हो. तिकडे तो चौथा मजला, आणि लिफ्ट नाही."

लेनीला हे सांगावं लागत नव्हतं. तो नळ आणि पाइपांची कामं करायचा, दिवसभर लोकांच्या तळघरांत आडवा व्हायचा आणि संध्याकाळी पायऱ्यांवर बसून अमेरिकेतल्या तमाम मोठ्या शहरांचा निकाल लावायचा. लॉस एंजेलिस म्हणजे शहर नव्हे, गाड्या उभ्या करायची जागा. ह्यूस्टन म्हणजे उन्हात पसरलेलं वाळवण, कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं ते त्यांचं त्यांनाही ठाऊक नाही. सॅन फ्रान्सिस्कोत टेकडी चढून जावं आणि घराचं भाडं ऐकून उतरून यावं. बॉस्टनचे वाकडेतिकडे रस्ते बैलाने आखलेत. आणि न्यूयॉर्कमध्ये माणसं बरणीतल्या लोणच्यासारखी: एकमेकांना चिकटलेली, पण एकाला दुसऱ्याची ओळख नाही.

"इथे कसं आहे," तो एफ्राइनला सांगायचा, "मोठं शहर आहे, समुद्राएवढं तळं आहे, उंच इमारती आहेत, सगळं आहे. पण माणूस माणसाला धरून आहे. काही बिनसलं तर माणूस सरळ येऊन दार ठोठावतो. तुमच्याकडे पोलिसाला बोलावतात."

"आमच्याकडे पोलीसही येत नाही," एफ्राइन म्हणायचा. "तू न्यूयॉर्कला किती दिवस होतास, लेनी?"

"विमान बदललं होतं मी तिथे."

"अच्छा. म्हणजे आतून बघितलंयस."

पलीकडच्या घरातला ब्रूनो कारोझा हे ऐकून पोट धरून हसला. लेनीही हसला. त्याला हा म्हातारा मनापासून आवडायला लागला होता. एफ्राइन वाद घालायचा नाही. उलट, रोज काही ना काही चांगलं शोधून आणायचा. तळ्याच्या काठाला कुणी कुंपण घातलेलं नाही, कुणीही जाऊन बसावं. बसचा ड्रायव्हर सुप्रभात म्हणतो. सॉसेजच्या पावात एवढ्या तिखट लोणच्याच्या मिरच्या घालतात की बायकोची आठवण येते. फक्त एकदा, नोव्हेंबरअखेरीस थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या सुमारास, तो म्हणाला, "मोठ्या शहरात काय चांगलं असतं सांगू? तुला कुणी ओळखत नाही आणि तरी तू एकटा नसतोस."

"इथे तर ओळखतातही," लेनी म्हणाला.

"हो. त्याची मला अजून सवय नाही."

त्या वर्षी जानेवारी अर्धा संपेपर्यंत बर्फ नुसता भुरभुरला. मग एका गुरुवारी आभाळ फाटलं. शुक्रवारभर कोसळत राहिलं. शनिवारी सकाळी गाड्या दिसेनाशा झाल्या, रस्त्याच्या दोन्ही कडांना नुसते उंचवटे. लेनीने फावडं घेतलं आणि दोन तास खपून आपल्या ट्रकभोवतीची जागा काळ्या डांबरापर्यंत मोकळी केली. त्याला कामावर जायचं होतं. अशा थंडीत पाइप फुटतात आणि पाइपवाल्याला सुट्टी नसते. निघताना त्याने तळघरातून जुनी लाकडी खुर्ची आणली आणि मोकळ्या जागेच्या मधोमध ठेवली. आपल्याकडे एसटीच्या खिडकीतून आत रुमाल टाकून जागा धरतात, तसंच हे. ज्याने उपसलं त्याची जागा, आणि बर्फ वितळेपर्यंत ती त्याचीच. कायद्यात कुठे लिहिलेलं नाही, पण त्या गल्लीत कायद्याहून जास्त पाळतात. दुपारपर्यंत रस्त्यावर सगळीकडे अशा खुणा उभ्या राहिल्या: एक इस्त्रीचं टेबल, दोन बादल्यांवर फळी, ब्रूनोच्या नातवाची मोडकी तीनचाकी.

एवढं पुराण सांगितलं, पण ही गोष्ट लेनीने एफ्राइनला कधी सांगितली नव्हती. ती सांगण्यासारखी आहे असं त्याला वाटलंच नव्हतं. पाहुण्याला आपण श्वास कसा घ्यायचा ते सांगतो का?

संध्याकाळी, उजेड मावळायच्या आत, लेनी परतला. खुर्ची नव्हती. त्याच्या जागेत एक लाल गाडी उभी होती आणि गाडीवर न्यूयॉर्कची नंबरप्लेट होती.

तो दिवसभर गुडघाभर गार पाण्यात उभा राहून आला होता, हे खरं. हातांची बोटं वाकत नव्हती, हेही खरं. पण त्याच्या डोक्यात जे पेटलं ते थकव्याने नव्हे, त्या प्लेटने. कुणाची गाडी असणार ते कळायला त्याला क्षणही लागला नाही; त्या रस्त्यावर न्यूयॉर्कशी संबंध असलेलं घर एकच होतं. समोर वरच्या मजल्यावर दिवा होता. रस्ता ओलांडायचा, दार ठोठावायचं, एवढंच होतं.

त्याने ट्रक दोन गल्ल्या सोडून लावला, चालत आला, तळघरात गेला, कपडे धुवायच्या हौदाच्या नळाला लांब नळी जोडली आणि ती खिडकीतून बाहेर ओढली. जागा बळकावणाऱ्याला असंच शिकवायचं असतं. टायर फोडायचे नाहीत, काच फोडायची नाही. पाणी मारायचं आणि बाकीचं थंडीवर सोडायचं. पाणी गाडीवर पडलं की जागच्या जागी पांढरं होत होतं.

ब्रूनोने खिडकी वर केली. "मागची काच राहिली बघ."

"दिसतंय मला."

"न्यूयॉर्कवाल्यांनो, या, आंघोळ करा," ब्रूनो म्हणाला आणि खिडकी लावून घेतली.

लेनीची बायको जोअ‍ॅन बहिणीकडे अडकली होती. लेनी एकट्यापुरतं सूप गरम करून प्यायला आणि शांत झोपला. पुढे कितीतरी दिवस त्याला याचीच जास्त लाज वाटत राहिली, की त्या रात्री त्याला चांगली झोप लागली.

रविवारी सकाळी दार वाजलं. दारात एफ्राइन. अंगात काळा सूट, काळा टाय, दाढी घोटून केलेली, आणि हातात एक खुर्ची. निळ्या रंगाची, चकचकीत. मागच्या दोन दांड्या नव्याने चिकटवलेल्या, वर बांधलेली दोरी अजून सोडायची होती.

"रंग अजून ओला आहे, हात लावू नकोस. पायऱ्यांवर बसून ढुंगण गार पडतं म्हणत होतास ना? काल दुपारी बाहेर पडलो तर अख्ख्या रस्त्यावर लोकांनी सामान टाकलेलं. मोठा कचरा न्यायचा दिवस असणार, म्हटलं. आमच्याकडे अशा दिवशी निम्मं घर सजतं लोकांचं. त्यातली ही सगळ्यात चांगली. पाय भक्कम आहेत. कुणी टाकली असेल, वेडाच असणार."

लेनीने खुर्चीकडे पाहिलं. त्याच्या आईच्या स्वयंपाकघरातली खुर्ची होती ती.

"आणि लेनी, एक काम आहे तुझ्याकडे. तू पाइपवाला. आयरिसची बहीण आलीय, मिग्दालिया, बारा तास एकटी गाडी चालवत आली बर्फातून. आज आयरिसचं वर्ष. हम्बोल्ट पार्कच्या चर्चमध्ये अकराची प्रार्थना सांगितलीय, तिच्या नावाने. आणि रात्री वरून कुठलातरी पाइप फुटला बघ, नेमका तिच्या गाडीवर. दार उघडत नाही. तुला कळेल काय करायचं."

गाडीच्या वर तारा होत्या आणि आभाळ होतं. पाइप कुठेच नव्हता. पण माणसाने हे मुद्दाम केलं असेल, ही शक्यता एफ्राइनच्या मनाला शिवली नव्हती.

"मी ट्रकमधून नेतो तुम्हाला," लेनी म्हणाला. त्याचा स्वतःचा आवाज त्याला कुणा दुसऱ्याचा वाटला. ट्रक आणायला तो जवळजवळ धावत गेला. तिथे नगरपालिकेच्या बर्फ हटवायच्या गाडीने रस्ता साफ करताना सगळा बर्फ ट्रकवर लोटला होता, दारांच्या वरपर्यंत. तो धावत परत आला. टॅक्सीला फोन लावला. म्हणाले, दीड तास. मग त्याने घरातलं केस वाळवायचं यंत्र, कोमट पाण्याच्या बादल्या आणि रबरी हातोडा आणला आणि लाल गाडीला भिडला.

मिग्दालिया पायऱ्यांवर उभी होती. ठेंगणी, गोल, केसाळ कोटात गुंडाळलेली, हातात पांढऱ्या फुलांचा गुच्छ. "हेच का रे तुझं शहर, एफ्रा? इथे आभाळ गाडीवर थुंकतं."

"पाइप आहे तो. पाइप तुझ्याकडे फुटत नाहीत?"

"फुटतात. पण रस्त्यावरच्या वीस गाड्यांतली एकच निवडून नाही फुटत."

"तू आल्यापासून नाकच मुरडतेयस. या माणसाकडे बघ. रविवारची सकाळ, उघड्या हातांनी बर्फ फोडतोय आपल्यासाठी. आपल्या इमारतीत कोण आलं असतं?"

"कुणी नाही," मिग्दालिया म्हणाली. "म्हणून तर विचारतेय, हा का आला?"

लेनीने मान वर केली नाही. ब्रूनो कुत्र्याला घेऊन बाहेर आला. गाडीकडे बघितलं, लेनीकडे बघितलं, त्याच्या ओठांशी काहीतरी आलं. लेनीने त्याच्याकडे गयावया करत पाहिलं; तशी नजर त्याने आजवर कुणाला दाखवली नव्हती. ब्रूनोने ओठ मिटले. "फार थंडी," तो म्हणाला आणि पुढे गेला. समोरच्या दोन खिडक्यांचे पडदे हलले आणि पडले. सगळ्या रस्त्याला ठाऊक होतं आणि सगळा रस्ता लेनीला सांभाळून घेत होता. माणूस माणसाला धरून होता खरा.

ड्रायव्हरच्या बाजूचं दार सुटलं तेव्हा साडेअकरा होऊन गेले होते. एफ्राइनने घड्याळ पाहिलं, मग टोपी काढून पुन्हा घातली. निल्सा रात्रपाळी संपवून थेट चर्चमध्ये जाणार होती. तिथे पुढच्या बाकावर ती एकटी बसली असणार आणि आईचं नाव वाचलं गेलं असणार.

"राहू दे," एफ्राइन म्हणाला. "आयरिसला कुठेही वेळेवर पोहोचायची सवय नव्हती." त्याने लेनीचे लालभडक हात स्वतःच्या हातमोज्यांत धरले. "हे मी विसरणार नाही, लेनी."

दुपारी जोअ‍ॅन आली. तिला कुणी काही सांगितलं नाही. ती धुण्याचे कपडे घेऊन तळघरात गेली आणि वर आली ती कपडे न टाकताच.

"हौदाला नळी लावलीय. खिडकीखाली बर्फाचा ढीग. काय केलंस तू?"

लेनीने सांगितलं. खुर्ची, प्लेट, पाणी, सकाळ. जोअ‍ॅनने हातातले कपडे खाली ठेवले.

"एक सांग. इथली, इलिनॉयची प्लेट असती, तर दार ठोठावलं असतंस?"

लेनीने निळ्या खुर्चीकडे पाहिलं.

"मग तू सांगतोस त्यांना, की मी जाऊ?"

लेनीने रस्ता ओलांडला. वर निल्साच्या स्वयंपाकघरात तिघं जेवायला बसली होती. भातात तुरीचे हिरवे दाणे, डुकराचं भाजलेलं मांस. निल्साचे डोळे सुजलेले होते. तिने उठून त्याच्यासाठी ताट वाढलं. तो उभाच राहिला.

"पाइप फुटला नव्हता," तो म्हणाला. "मी ओतलं पाणी. खुर्ची माझी होती. इथे जागा धरायला ठेवतात. मला वाटलं, तुम्ही काढून फेकलीत."

शेगडीवर कॉफी उकळत होती, निल्साने जाऊन ती बंद केली आणि तिथेच पाठमोरी उभी राहिली.

"म्हणजे," एफ्राइन हळूहळू म्हणाला, "मी सकाळभर तुझे आभार मानत होतो."

"हो."

"आणि तू मानू दिलेस."

"हो."

एफ्राइनने चमचा ताटाच्या कडेला ठेवला. "खुर्ची तुझी होती. मी विचारलं नाही, उचलली. माझं चुकलं. माफ कर मला."

"तू कसली माफी मागतोस?" मिग्दालिया म्हणाली. मग लेनीकडे वळून, अगदी साध्या आवाजात, "आमच्याकडे काच फोडली असती. तुम्ही लोक स्वच्छ काम करता."

त्या टोमण्यापेक्षा लेनीला ती माफी लागली. निल्सा वळली, पण त्याच्याकडे न बघता तिने ताट त्याच्यासमोर सरकवलं. "बसा. गार होतंय." तो बसला आणि जेवला, कारण नाही म्हणायला त्याला तोंड नव्हतं. प्रत्येक घास त्याला मोजून गिळावा लागला.

दोन दिवसांनी मिग्दालिया परत गेली. लेनीने हम्बोल्ट पार्कला जाऊन पाद्र्याला गाठलं आणि आयरिसच्या नावाने दुसरी प्रार्थना सांगितली. मार्चमधला रविवार मिळाला. त्या दिवशी त्याने एफ्राइनला आणि निल्साला स्वतः नेलं, प्रार्थना संपेपर्यंत चर्चमध्ये मागच्या बाकावर बसला आणि परत आणलं. जाताना आणि येताना ते पाइपांबद्दल बोलले, तांब्याचे बरे की प्लास्टिकचे. एफ्राइन पूर्वीसारखाच सौम्य होता. फक्त पायऱ्यांवर बसायला आला की आता बसण्याआधी विचारायचा, "मी इथे बसलो तर चालतं ना? कुणाची जागा नाही ना ही?" तो थट्टा करत नव्हता. खरंच विचारायचा. रस्त्यात कुणाची काठी पडलेली दिसली तरी वळसा घालून जायचा. बसमध्येही उभाच राहायचा, निल्सा सांगायची.

एप्रिलमध्ये त्याने सामान बांधलं. निल्सा रडली, रागावली, तिने लेनीचं नाव घेतलं. तेव्हा एफ्राइन तिला म्हणाला ते तिने नंतर जोअ‍ॅनला सांगितलं आणि जोअ‍ॅनने लेनीला.

"लेनीचा काही दोष नाही, पोरी. तुझं शहर चांगलं आहे. कचऱ्यालासुद्धा रस्ता आहे इथे. पण तिथे मी चुकलो तर चुकताना मला कळतं. इथे दुसऱ्याच्या तोंडावरून कळतं, आणि तेही उशिरा. या वयात मला लोकांच्या तोंडाकडे बघत जगायचं नाही."

निघताना एफ्राइन लेनीला भेटायला आला, हात मिळवला, "न्यूयॉर्कला ये, या वेळी विमानतळाबाहेरही नेतो," म्हणाला. लेनीने हो म्हटलं. तो गेलेला नाही. जायचं ठरवतो, तिकिटाचे दर बघतो, आणि त्या चौथ्या मजल्याच्या दारात उभं राहून पहिलं वाक्य काय बोलायचं ते त्याला सुचत नाही. संध्याकाळी पायऱ्यांवर कुणी बॉस्टनचा किंवा ह्यूस्टनचा विषय काढला, तर तो म्हणतो, "मी तिथे राहिलो नाही." ब्रूनोला ते मुळीच आवडत नाही. "तू मजा घालवलीस बसण्यातली," तो म्हणतो. निल्सा रस्त्यात भेटली की नमस्कार करते आणि घाईत असते.

एफ्राइन कोयासो आता एकाहत्तर वर्षांचा आहे. ब्रॉंक्समध्ये आपल्या जुन्याच घरात राहतो, खालच्या मजल्यावर मिग्दालिया. मंगळवारी आणि गुरुवारी तो जवळच्या वृद्धांच्या केंद्रात साठ माणसांचा भात रांधतो, आणि चौथा मजला चढताना दुसऱ्या जिन्यावर थोडा थांबतो.